‘मुलाचा जीन’ जागा करणारी पावडर? साफ खोटं आहे हे

परवा औशाजवळ मावशीकडं गेले तर देवळीत हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी पिवळ्या झाकणाचा डबा. सोयाबीनची पट्टी आली तशी दादानं 3 डबे घेतले, 7,500 रुपये. कारण व्हॉट्सॲपवर फिरतंय की फक्त शुक्राणूत चालणारा एक जीन सापडलाय, तो झोपला की मूल होत नाही, ही पावडर 21 दिवसांत त्याला जागा करते, मग मुलगाच होतो, आणि पुरुषानं तपासणी करायची गरज नाही. घरातल्या तिघांनी मला हाच मेसेज पाठवलाय. मी बारावीला बायोलॉजी शिकवते, आता गप्प बसवत नाही म्हणून लिहायले.

एक जीन? कुठला एक? कुठल्या अवयवात कुठले जीन चालतात याचा नकाशा करणाऱ्या स्वीडनच्या ह्युमन प्रोटीन ॲटलासवाल्यांनी 2014 मध्ये वृषणातला आरएनए, म्हणजे चालू जीनची नक्कल, बाकी अवयवांशी ताडून पाहिला, तर वृषणातच ठळकपणे जास्त चालणारे हजाराच्या वर जीन निघाले. पुढं 2016 मध्ये जपान-अमेरिकेच्या टीमनं दाखवलं की असे 54 जीन उंदरांत एकेक करून बंद पाडले तरी नरांना पिल्लं होतातच. काही जीन बिघडले तर शुक्राणू खरंच बनत नाहीत, हे मान्य. पण वाय क्रोमोसोमचा, म्हणजे पुरुषांतच असणाऱ्या गुणसूत्राचा, तुकडाच जन्मापासून गायब असेल तर पावडर जागं कुणाला करणार?

21 दिवसांचं तर बोलूच नका. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, आणि शेवटी प्रोटामिन नावाचं प्रथिन डीएनएला इतकं करकचून बांधतं की जीनचं काम जवळपास बंदच पडतं.

‘मुलगाच होतो’ म्हणे. अहो, एक्सवाले (मुलीचे) आणि वायवाले (मुलाचे) शुक्राणू घडताना एकमेकांना बारीक पुलांनी जोडलेले असतात, आरएनए इकडचा तिकडं जातो, मग पावडर फक्त वायवाल्यालाच कशी ओळखणार? आणि मुलगा होईल अशी जाहिरात करणं पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निवड बंदीच्या, कायद्यानं गुन्हा आहे, गर्भ राहायच्या आधीची असली तरी.

तंबाखू सोडा, असं एक वाक्य आहे त्या मेसेजमध्ये. तेवढं बरोबर आहे, तेवढं ऐका.

पण ‘पुरुषानं तपासणी नको’ हे वाचून माझं डोकंच फिरलं. 4 वर्षांत वहिनीच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफ्या झाल्या, नळ्यांची तपासणी झाली, त्या दिवशी ती पोट धरून एसटीनं घरी आली. दादाची एकही नाही. आणि हळदीकुंकवाला बायका तिलाच विचारतात, अजून काही नाही का म्हणून. वीर्यतपासणीला ना सुई ना भूल, आधी 3-4 दिवस वीर्यस्खलन टाळून लॅबमध्ये नमुना द्यायचा, बस.

दादा, सोमवारी मी लातूरला येणारच आहे. तू ये, नमुना दे, रिपोर्ट डॉक्टरकडून दोघं मिळून समजून घेऊ. वहिनीला या वेळी घरी राहू दे.