निर्वात बाष्पक आणि ‘निम्मी वाफ’

‘व्हॅक्यूममध्ये पाणी 60 अंशांनाच उकळते, म्हणून वाफ निम्मीच लागते; फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटर घेतला की रस काय, गर काय, सारे एकाच यंत्रात आटते आणि सुगंधही शंभर टक्के राहतो.’ (व्हॅक्यूम म्हणजे निर्वात, आणि इव्हॅपोरेटर म्हणजे पाणी उडवून द्रव आटवणारे यंत्र, बाष्पक.) बडोद्यातल्या आमच्या नातेवाइकांमध्ये फिरणारा हा संदेश प्रमाण मानून माझ्या भाच्याने ताशी 300 किलो वाफेच्या बॉयलरचे दर मागवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

वाफेची कोष्टके कोणत्याही अभियांत्रिकी पुस्तकाच्या शेवटी असतात. त्यांत पाण्याचा अप्रकट उष्मा, म्हणजे उकळत्या पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता, 100 अंशांना किलोमागे 2257 किलोज्यूल, तर 60 अंशांना 2358, म्हणजे कमी नव्हे, चक्क जास्त दिलेला आहे. भाच्याला ताशी 1000 किलो तोतापुरी गर 14 ब्रिक्सवरून (ब्रिक्स म्हणजे विरघळलेल्या साखरेचे शेकडा प्रमाण) 28 वर न्यायचा आहे, म्हणजे 500 किलो पाणी काढायचे आहे. 25 अंशांचा गर 60 पर्यंत तापवण्यासह एकाच टप्प्यात त्याला साधारण 600 किलो वाफ लागेल. गर 100 अंशांपर्यंत न तापवल्यामुळे होणारी बचत जमेस धरली, तरी उघड्यावर 100 अंशांना आटवण्याच्या तुलनेत एकूण फरक सात टक्क्यांच्या आसपासच राहतो. वाफ निम्म्यावर येते ती पहिल्या टप्प्यातून निघालेली वाफ दुसऱ्या टप्प्यात पुन्हा वापरल्यामुळे. त्यासाठी व्हॅक्यूम उपयोगी पडतो आणि कमी तापमानात रंग-चव टिकते, एवढे मात्र मान्य करावे लागेल.

दुसरा मुद्दा अधिक महागात पडणारा आहे. फॉलिंग फिल्ममध्ये द्रव नळ्यांच्या आतल्या भिंतीवरून पातळ पडद्यासारखा स्वतःच्या वजनाने उतरतो, त्यामुळे सफरचंदाचा गाळलेला रस त्यात 70 ब्रिक्सपर्यंत सुखाने जातो. आंब्याच्या गरातील तंतू आणि पेक्टिन मात्र वरच्या वाटप-ताटाची छिद्रे बुजवतात, काही नळ्या कोरड्या पडतात आणि तिथे गर करपतो. अशी एक नळी मी उघडलेली पाहिली आहे: आत काथ्यासारखा काळा थर होता, आणि त्याचेच ठिपके पिवळ्याजर्द मालात उतरले होते. घट्ट गरासाठी पंपाने जोराने फिरवणारा फोर्स्ड सर्क्युलेशन किंवा भिंत सतत खरवडणारा बाष्पकच पाहावा.

सुगंधाचा दावा तर बोलण्यासारखाही नाही. उडून जाणारी द्रव्ये पहिल्याच वाफेबरोबर निघतात. ती वेगळी पकडून परत मिसळण्याची सोय नसेल तर ती गेलीच.

भाच्याने बॉयलरची चौकशी तूर्त थांबवली आहे. 28 ब्रिक्सला गर किती घट्ट होतो हे मोजून घेतल्यावरच तो यंत्राचे दर मागवणार आहे.