‘सगळं एकाच पिशवीत टाका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात मावशीकडे गेले होते. हात धुवायला ओट्यापाशी गेले तर खाली एकच डबा. आठ वर्षं झाली, तिथे दोन डबे असतात. ओल्याचा हिरवा, सुक्याचा निळा, आणि शेजारी संपलेल्या सेलची बरणी. आलेल्या-गेलेल्याला ‘ते त्यात नाही, ह्यात’ असं बजावणारी माझी मावशी. दुसरा डबा फुटला का, असं विचारलं तर म्हणाली, “नाही गं, माळ्यावर टाकला. त्याचा काही उपयोग नसतो म्हणे.” आणि फोन माझ्या हातात दिला.

हा मेसेज मलाही दोनदा आला होता. दोन्ही वेळा मी तो पुसून टाकला. तेव्हाच उत्तर लिहायला हवं होतं. ‘कचरा वर्गीकरणामागचं सत्य’ असा मथळा आणि खाली सहा मुद्दे. एक, वेगळा करून दिलेला कचरा गाडीत एकत्रच होतो आणि सगळा एकाच ढिगावर जातो. दोन, प्लास्टिकचं रिसायकलिंग ही शुद्ध फसवणूक आहे. तीन, डबे-बाटल्या धुण्यात पाणी वाया जातं. चार, आपण कचरा वेगळा केला तर कचरा वेचणाऱ्या गरिबांचं काम जाईल. पाच, ओला कचरा कुठेही पडला तरी त्याची मातीच होते. सहा, सगळं जाळून वीज करा, प्रश्न संपला. शेवटी ‘किमान दहा जणांना पाठवा’, आणि सोबत एक छोटा व्हिडिओ.

मी क्रमाने जाणार नाही. चौथा मुद्दा आधी घेते, कारण तो वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेसेजमधले शब्द असे आहेत: ‘पॅड, डायपर, काच, सुका, ओला सगळं एकाच पिशवीत टाका. निवडणं हे त्यांचं काम आहे. त्यांना रोजगार द्या.’

हे लिहिणाऱ्याने कचरा निवडताना कोणाला जवळून पाहिलेलं नाही, हे उघड आहे. मी पाहिलं आहे. एका वर्गीकरणाच्या शेडमध्ये मी एक अख्खी सकाळ उभी होते. तिथल्या बाई पिशवी लगेच उघडत नाहीत. आधी तळहाताने बाहेरून हलकेच दाबून बघतात, आत काही टोचतंय का. मग गाठ सोडतात. गाठ सुटली नाही तर पिशवी बाजूने फाडतात, वरून हात घालत नाहीत. त्यांच्या उजव्या हातमोज्याच्या तर्जनीचं टोक कापलेलं होतं आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती. दाढीचं पातं लागलं होतं, चार दिवसांपूर्वी. माझ्यासमोर त्यांनी एक पिशवी उघडली. आत वर्तमानपत्रांचा चांगला जाड गठ्ठा होता, आणि त्याच्या मधोमध उघडं, भिजलेलं डायपर. त्यांनी गठ्ठ्याचं वरचं पान उचललं, खालचं उचललं, आणि सगळाच बाजूला टाकला. “ही रद्दी गेली,” एवढंच म्हणाल्या. रद्दी विकून जे पैसे आले असते ते त्यांचे होते. थोड्या वेळाने म्हणाल्या, “ताई, वासाचं काही नाही, सवय होते. पण पुढच्या पिशवीतून काय निघेल ते माहीत नसतं ना, त्याची भीती जात नाही.”

रोजगार, रोजगार म्हणतात तो हा? सुक्या मालाला मोल असतं ते तो कोरडा आणि स्वच्छ असतो म्हणून. ओलं आणि सुकं एका पिशवीत गेलं की पुठ्ठा कुजतो, कागदाचा लगदा होतो, आणि हाती उरतं ते फक्त घाणीत हात घालण्याचं काम. एकत्र कचरा टाकून आपण कोणाचं पोट भरत नाही, पोटावर पाय देतो.

आणि ही माझी एकटीची कळवळ नाही. पुण्यात कचरावेचकांची स्वतःची संघटना आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली स्थापन झालेली. पुढे याच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली. या लोकांनी स्वतः काय मागितलं? ढिगाऱ्यावर उकरायला मिळावं असं नाही. दारातूनच वेगळा केलेला कचरा मिळावा, असं मागितलं. वापरलेली पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला पुडी उघडावी लागणार नाही, ही विनंतीही त्यांचीच. लाल शाईचा एक ठिपका! एवढं मागणाऱ्या बाईला ‘निवडणं हे तुझंच काम’ असं सांगणारा मेसेज आपण कौतुकाने पुढे पाठवतो, याचा मला मनापासून संताप येतो.

आता पहिला मुद्दा, गाडीत सगळं एकत्र होण्याचा. मावशीला पटला तो हाच, कारण सोबत व्हिडिओ होता. दोन डबे, एक गाडी, दोन्ही डबे तिच्यात उलटे. तो कुठला, कधीचा, त्या दिवशी डब्यांत काय होतं, काहीही कळत नाही. असं कुठेच होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. होतं. वेगळा दिलेला कचरा डोळ्यांदेखत एकत्र टाकणारे कर्मचारी मीही पाहिले आहेत आणि त्यांच्याशी भांडलेही आहे. पण दिसतं ते प्रत्येक वेळी तसंच असतं असंही नाही. काही ठिकाणी गाडी एकच असते, पण तिच्या आत आडवा पत्रा घालून दोन कप्पे केलेले असतात; मागून बघितलं तर कळतं, गॅलरीतून नाही. काही ठिकाणी एकच गाडी एक दिवस ओला नेते आणि दुसऱ्या दिवशी सुका. आणि बऱ्याच देशांत कागद, काच, डबे, बाटल्या हा सगळा सुका माल मुद्दाम एकाच गाडीत भरतात, कारण पुढे केंद्रात तो यंत्राने निवडायचा असतो. पट्ट्यावरून माल सरकतो, लोखंड चुंबक उचलतं, ॲल्युमिनियम बदलत्या चुंबकीय क्षेत्राने बाजूला फेकलं जातं, प्लास्टिकचे प्रकार प्रकाशकिरणांनी ओळखले जातात. हे सगळं शक्य होतं ते एकाच अटीवर: त्या मालात खरकटं नको. सुक्यात सुकं मिसळलं तर ते पुन्हा वेगळं करता येतं. सुक्यात ओलं मिसळलं की जगातलं कुठलंही यंत्र ते पूर्ववत करू शकत नाही. म्हणजे खरी वाट लागते ती गाडीच्या आधी, आपल्या ओट्याखाली.

ज्यांना गाडीवर विश्वासच नाही त्यांनी जपानमधलं कामिकात्सू गाव पाहावं. वस्ती जेमतेम दीड हजाराची. तिथे कचऱ्याची गाडीच नाही. लोक स्वतः केंद्रावर येतात आणि चाळीसहून अधिक प्रकारांत कचरा लावून जातात. २००३ मध्ये त्यांनी शून्य कचऱ्याचा संकल्प केला. शून्यावर पोचले नाहीत, पण सुमारे ८० टक्के कचऱ्याचा पुनर्वापर होतो. आपल्याला कोणी चाळीस डबे मागत नाही. दोन मागतात, घातक वस्तूंसाठी एक बरणी, आणि पॅड-डायपर वेगळे गुंडाळून.

प्लास्टिकच्या मुद्द्यावर मला अर्धी माघार घ्यावी लागते, आणि घेताना जड जातं. २०१७ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात रोलंड गायर, जेना जॅम्बेक आणि कारा लॉ यांनी मांडलेला हिशोब असा: २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लास्टिकचा कचरा झाला, त्यातला फक्त ९ टक्के रिसायकल झाला, १२ टक्के जाळला गेला आणि ७९ टक्के ढिगाऱ्यांत किंवा निसर्गात पडून राहिला. वस्तूवरच्या त्रिकोणातल्या आकड्याचा अर्थ ‘ही वस्तू रिसायकल होते’ असा नाही, हेही खरं. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगानेच आणलेली ती खूण आहे आणि ती फक्त प्लास्टिकची जात सांगते. लोकांना त्यातून वेगळंच वाटलं, आणि ते वाटू दिलं गेलं. इथवर मेसेज बरोबर आहे.

पण इथून तो जी उडी मारतो ती चुकीची आहे. पाण्याची पारदर्शक बाटली आणि शांपूची जाड बाटली या रिसायकल होतात, आणि त्यांना गिऱ्हाईक आहे. चकचकीत, अनेक थरांचं वेष्टन होत नाही. दोघांना एकाच मापाने मोजून ‘सगळी फसवणूक’ म्हणायचं, हे काय आहे? जर्मनीने २००३ पासून एकदा वापरायच्या बाटल्या-डब्यांवर अनामत रक्कम लावली. बाटली परत द्या, पैसे परत घ्या. त्यातल्या बहुतेक सगळ्या बाटल्या परत येतात. शिवाय सुक्या डब्यात प्लास्टिकच असतं का? जुनं ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरलं तर खनिजापासून नवं करण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. काच कितीही वेळा वितळवता येते. कागदाचे धागे पाच-सात फेऱ्या टिकतात. प्लास्टिकचा राग या सगळ्यांवर का काढायचा? त्या ९ टक्क्यांवरून काढायचाच तर निष्कर्ष एकच निघतो, की मुळात प्लास्टिक कमी घ्या. कचऱ्याबद्दलचा पहिला सल्ला ‘कमी वापरा’ हाच असतो. ‘एकत्र टाका’ हा निष्कर्ष त्यातून कसा काढला, ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

‘ओल्याची मातीच होते’ हे वाक्य फार निरागस वाटतं, म्हणून जास्त धोक्याचं आहे. भाजीची देठं बागेत पडली तर त्यांची माती होते, कारण तिथे हवा असते. तीच देठं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून वीस फूट कचऱ्याखाली गेली की हवेशिवाय कुजतात आणि मिथेन तयार होतो. वीस वर्षांचा काळ धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता अडवतो, आणि तो पेटतो. मुंबईची देवनार क्षेपणभूमी १९२७ पासून कचरा गिळत आली. जानेवारी २०१६ मध्ये ती पेटली तेव्हा कितीतरी दिवस धूर शहरावर होता. ढीग कोसळतातही. २०१७ या एका वर्षात अदिस अबाबा, कोलंबो आणि दिल्लीतलं गाझीपूर, तिन्हीकडे कचऱ्याचे डोंगर ढासळून माणसं मेली. अदिस अबाबात शंभराहून जास्त.

आणि हा ओला भाग किती असतो? जागतिक बँकेने २०१८ मध्ये जगभरातल्या शहरी कचऱ्याचा मोठा अहवाल काढला. वर्षाला २०१ कोटी टन कचरा, २०५० पर्यंत तो ३४० कोटी टनांवर जाईल असा अंदाज. त्यात ४४ टक्के वाटा अन्न आणि झाडपाल्याचा आहे, म्हणजे सगळ्यांत मोठा. त्याच अहवालात आहे की जगातला ३३ टक्के कचरा तेव्हा उघड्यावर टाकला जात होता, आणि रिसायकलिंग व कंपोस्ट मिळून होत होतं ते जेमतेम १९ टक्के. मी मावशीला हाच आकडा दाखवला. तिचा हिरवा डबा हा जगाच्या जवळजवळ निम्म्या कचऱ्याचा डबा आहे. तो एक वेगळा राहिला तरी ढिगावर जाणारं ओझं जवळजवळ निम्म्याने उतरतं, आणि उरलेलं कोरडं राहतं.

पाण्याचा मुद्दा एका वाक्यात संपतो: डबा घासायचा नाही, भांडी झाल्यावर उरलेल्या पाण्यात एकदा हिसळायचा. एवढं तरी का करायचं, याचं उत्तर चीनने दिलं आहे. श्रीमंत देश वर्षानुवर्षं आपला मळका सुका माल चीनला पाठवत होते. २०१८ पासून चीनने बहुतेक मालासाठी अर्ध्या टक्क्याहून जास्त घाण नको अशी अट घातली आणि त्या देशांतले गठ्ठे गोदामांत अडकून पडले.

राहिलं जाळणं. ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ते जाळायचं म्हणजे आधी पाणी उकळायला इंधन घालायचं. वजनाच्या साधारण पाव हिश्श्याइतकी राख उरते, ती कुठेतरी पुरावीच लागते. आणि एकत्र कचरा भट्टीत घालण्याआधीही अनेकदा तो निवडावा लागतो. तो कोण निवडणार? तीच हातमोजा फाटलेली बाई.

मावशीला मी हे सगळं एका बैठकीत सांगितलं. ती काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं नसावं. परवा रात्री तिचा फोन आला.

“निळा डबा खाली काढलाय. गोळ्यांची रिकामी पट्टी कशात टाकायची गं?”

मी म्हटलं, सुक्यात. पण प्लास्टिक आणि धातू एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे तिचं पुढे काही होईल याची खात्री नाही.

“आणि पट्टीत मुदत संपलेल्या गोळ्या राहिल्या असतील तर?”

“त्या ओल्यात नको, सुक्यातही नको. घातक कचरा वेगळा द्यायचा, तुझ्या सेलसारखा.”

“मग सेलची बरणी पुरायची नाही,” ती म्हणाली. “मोठी बघते.”