जितकी उष्णता, तितका मलेरिया? असं नाही

‘उष्णता, पाऊस आणि घाण, तिन्ही वाढले की मलेरिया वाढणारच’ हा दावा मोबाइलवर सतत फिरत असतो. ऐकायला पटतो, पण तिन्ही बाबतींत गफलत आहे.

आधी उष्णता. रक्तासोबत मलेरियाचा परजीवी अ‍ॅनॉफिलिस डासाच्या मादीच्या पोटात गेला, म्हणजे ती लगेच रोग पसरवू लागत नाही. पोटाच्या भिंतीवर त्याच्या गाठी वाढतात, फुटतात आणि मग तो लाळग्रंथींपर्यंत पोचतो. परजीवीच्या फाल्सिपेरम जातीला यासाठी २५ अंश सेल्सिअसला साधारण १० ते १२ दिवस लागतात. १८ अंशांखाली ही वाढ जवळपास थांबतेच. तेवढे दिवस मादी जगली पाहिजे, खरी मेख इथे आहे. ऊब वाढली की परजीवी लवकर तयार होतो, पण फार उकाड्यात डासही लवकर मरतात. हवा कोरडी असेल तर आणखी लवकर. २०१३ सालच्या एका अभ्यासात प्रसाराला सर्वांत पोषक तापमान २५ अंशांच्या आसपास निघालं. २८च्या पुढे प्रसार झपाट्याने घसरतो. त्यामुळे तापमानवाढीचा धोका थंड डोंगराळ भागांना अधिक आहे आणि तो अजिबात हलक्यात घेऊ नये. आधीच होरपळणाऱ्या प्रदेशांत मात्र प्रसार घटूही शकतो.

पावसाचं गणितही सरळ नाही. मुसळधार सरींत अळ्या वाहून जातात. श्रीलंकेत १९३४-३५ साली भीषण साथ आली ती पाऊस हुकल्यामुळे: एरवी वाहत्या असणाऱ्या नद्या आटल्या, पात्रांत डबकी उरली आणि त्यांत अ‍ॅनॉफिलिसच्या क्युलिसिफेसीस जातीचे डास बेसुमार वाढले. सुमारे ८०,००० माणसं गेली. उलट पंजाबात १९०८ची साथ अतिवृष्टीनंतर उसळली. पाऊस किती पडला यापेक्षा पाणी कुठे आणि किती दिवस साचून राहिलं, हे बघायला हवं.

राहिली घाण. गटारातले डास बहुधा क्युलेक्स असतात, ते मलेरिया पसरवत नाहीत. अ‍ॅनॉफिलिसला सहसा स्वच्छ पाणी लागतं. त्याची अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. क्युलेक्सची डोकं खाली करून तिरकी लटकते. गटारं साफ करावीतच, पण शहरी मलेरिया पसरवणारा स्टीफेन्साय, हीही अ‍ॅनॉफिलिसचीच एक जात, गच्चीवरच्या उघड्या टाकीत वाढतो, आणि पाणी नितळ दिसतं म्हणून तिथे कुणी डोकावतही नाही.