तिथीची पाऊणपट

रविवारी आईला आणि लेकीला घेऊन महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेले होते. मुंबईत धारावी बस डेपोच्या अगदी समोर, मिठी नदीच्या काठी. माझ्या ओळखीतले कितीतरी जण रोज त्याच रस्त्याने बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) कामाला जातात आणि एकदाही आत गेलेले नाहीत, म्हणून हे लिहितेय.

आई आधी यायलाच तयार नव्हती. २६ जुलै २००५ ला आम्ही कुर्ल्याला राहत होतो. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी आमच्या घरात शिरली. आईने ती रात्र पोटमाळ्यावर काढली. तेव्हापासून तिच्या तोंडी मिठी म्हणजे ‘तो नाला’.

पण आई पेणची, खाडीकाठी वाढलेली. जायचं ठरल्यावर तिने आधी तिथी पाहिली. पंचमी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट ही भरतीची वेळ, ओहोटी त्याच्या सहा तास आधी, हा आईचा हिशोब. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे भरती दुपारी पावणेचारला आणि ओहोटी सकाळी पावणेदहाला. म्हणाली, “साडेनवाला पोचू, चिखल उघडा असेल.”

आत इतकी गर्द सावली, की हे ३७ एकर एके काळी डम्पिंग ग्राउंड होते हे लेकीला पटेचना. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी इथे पहिलं झाड लावलं, १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं.

खाडीच्या अंगाला तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं. वास येतो, ते लपवण्यात अर्थ नाही. चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली. चिखलात हवा नसते, म्हणून ती श्वासासाठी वर येतात. कित्येकांवर प्लास्टिकच्या पिशव्या चिकटल्या होत्या. त्या मुळांचा जीव अक्षरशः कोंडतो. झाड नको असलेलं मीठ पानांवाटे टाकतं, त्याचे बारीक पांढरे कण लेकीने बोटाने पुसून पाहिले. तेवढ्यात आई ओरडली, “निवटी! अगं ती बघ निवटी!” बोटभर मासा, डोळे डोक्यावर, पुढच्या परांनी रेटा देत चिखलावरून सरकत होता. अंग ओलं आहे तोवर पाण्याबाहेर तग धरतो. लहानपणी भावांबरोबर बिळात हात घालून निवट्या कशा पकडायच्या, हे आई नातीला सांगत बसली. वीस मिनिटं तिथून हलली नाही.

पुरानंतर मिठी रुंद केली, खोल केली, काठांना भिंती घातल्या. पाण्याला वाट हवीच, कुर्ल्यात राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण भिंतीआड गेलेली नदी कुणाची राहत नाही, तिच्यात कचरा टाकताना हात अडखळत नाही. तिवरं गाळ धरतात, लाटांचा मार झेलतात. बीकेसी तर तिवरांच्या आणि दलदलीच्या जागेवर भराव घालूनच उभं राहिलं. आता जो काठ उरलाय त्याला तरी भिंत नको, सुशोभीकरण नको. विहार-पवईपासून माहीमपर्यंत जेमतेम १८ किलोमीटरची नदी. तिच्या काठी ओहोटीला मुलांना उभं राहता येईल अशा जागा हव्यात. सायन, धारावी, कुर्ल्यातल्या प्रत्येक शाळेने चौथीची सहल इथे आणावी, असं मला फार मनापासून वाटतं.

पंधरवड्याने रविवारी चतुर्थी आहे. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला. आईने कॅलेंडरवर खूण केलीय. पावणेनऊला डेपोसमोर भेटू. मुलांना आणा, आणि खाडीकाठची कुणी आजी घरात असेल तर तिलाही.