कुत्र्यासाठी चारित्र्य पडताळणी

आमच्या रामबागेतल्या घरात कुत्रा आणायचा हे एकमताने ठरलं आणि एकमत तिथेच संपलं. लेकीला शेल्टरमधला हवा होता, बायकोला लॅब्रॅडॉर आणि चिरंजीवांना हस्की. इंदूरचा मे महिना चाळिशीच्या वर तापतो आणि हा प्राणी बर्फात गाड्या ओढणारा. त्याला एसी लावायचा तर आधी मला लावा, म्हटल्यावर हस्की बाद झाला. आईचं म्हणणं सुटसुटीत होतं. "दत्तगुरूंच्या पायाशी चार-चार असतात, खंडोबाबरोबरही असतो. आणा कुठलाही. पण देवघराचा उंबरा ओलांडला तर तो आणि तू, दोघं गच्चीवर!"

पोह्याच्या गाडीवर नुसता विषय काढला, तर शेजारी शेव मागणाऱ्या माणसाच्या मोबाईलमधून पिल्लं निघाली. "भिया, डबल बोन है, पेपरवाला. आज ही ले जाओ." डबल बोन म्हणजे काय ते विचारायचं नसतं, पिल्लाचे पंजे जाड दाखवायचे आणि भाव वाढवायचा. पिल्लाचे डोळे जेमतेम उघडलेले. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, असा 2017 चा नियम आहे, हे लेकीने तिथेच ऐकवलं. याची आई कुठे? "गाँव में." जातीचे पेपर? "पीछे से आ जाएँगे." त्याने मला एकच प्रश्न विचारला, नकद की ऑनलाइन?

मग महूकडचे एक निवृत्त फौजी गाठले. लॅब्रॅडॉर पाळणारे, रीतसर नोंदणी असलेले. पिल्लू दाखवतील म्हणून गेलो, तर त्यांनी आधी पिल्लांची आई दाखवली. गोणपाटावर पसरलेली, पोटाशी सहा तोंडं, आणि चेहऱ्यावर 'कोण ही माणसं, चहा कोण करणार' असा गृहिणीचा वैताग. तिच्या खुब्याचे एक्स-रेसुद्धा त्यांनी खिडकीच्या उजेडात धरले. लॅबच्या जातीत खुब्याचं दुखणं आईबापांकडून येतं म्हणे. आमच्या घराण्यात गुडघ्याचं येतं, पण माझ्या लग्नाआधी कुणी एक्स-रे मागितला नव्हता! मग उलटतपासणी सुरू झाली. दिवसभर घरी कोण? जिने किती? पुण्याला लग्नाला गेलात तर हा कुठे? आणि जमलं नाही तर पिल्लू रस्त्यावर सोडायचं नाही, माझ्याकडे परत आणायचं, हे लिहून द्या. एवढं करून ही सगळी पिल्लं ठरलेलीच निघाली. पुढचं वेत कधी? "साल में एक से ज़्यादा नहीं. उसको भी आराम चाहिए कि नहीं?" बायको जोरात "बरोबर आहे" म्हणाली. तो टोला कुत्रीच्या निमित्ताने मला होता.

शेल्टरमध्ये तरी हात जोडून देतील असं वाटलं होतं. तिथे चार पानी फॉर्म निघाला. घरमालकाची परवानगी, दिवाळीच्या फटाक्यांत काय करणार, वरून घर बघायलाही येणार. लेकीने निवडलेला तीनेक वर्षांचा, मातकट रंगाचा, नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाला खाच. त्याने माझी चप्पल हुंगली, शिंकला आणि लांब जाऊन बसला. मला त्याचा स्वभाव पटला. शिवाय पिल्लाला शू करायला रात्री दर दोन-तीन तासांनी उठून बाहेर न्यावं लागतं. हा मोठा, याला कळतं. भूतदया वगैरे ठीक आहे, पण आमच्या घरातलं मत फिरलं ते झोपेवर.

रविवारी शेल्टरची मुलगी घर बघायला आली. गॅलरीच्या गजांमधून डोकं घालून बघितलं, कुंडीतली रोपं विषारी नाहीत ना पाहिलं, आईच्या हातचे पोहे दोनदा घेतले, तरी पेन खाली ठेवेना. शेवटच्या पानावरचा प्रश्न तिने जरा संकोचत माझ्याकडे बघून वाचला : तुमच्या पश्चात कुत्र्याला कोण सांभाळेल?

मी काही बोलायच्या आत अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आतून म्हणाली, "माझं नाव घाल."

मुलीने घातलं.