रनिंग बॅक व्हायचंय? लवकर म्हातारे व्हा!

अमेरिकन फुटबॉल खेळायचा आणि त्यातही रनिंग बॅकच व्हायचं, असं ठरवलंय म्हणता? अभिनंदन. घरचे कुरकुरत असतील तर त्यांना समजावा की पंचविशीत ज्येष्ठ नागरिक करून टाकणारी अशी दुसरी नोकरी शोधून सापडायची नाही.

काम तसं सोपं. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, वळतो आणि बॉल तुमच्या पोटात खुपसतो. एक हात छातीशी आडवा, दुसरा पोटाखाली, मधे बॉल. तान्हं मूल गर्दीतून न्यावं तसा आवळून धरायचा. समोर दीड-दीडशे किलोचे देह एकमेकांना रेटत असतात. त्यांच्यात कुठेतरी एक फट पडते आणि पापणी लवायच्या आत मिटते. त्यातून निसटलात तर पलीकडे लाइनबॅकर नावाचा बचावपटू तुमच्या गुडघ्याची चौकशी करायला उभाच असतो. चार यार्ड मिळाले की शाबासकी. उठायचं, माती झटकायची, पुन्हा घुसायचं. एका दुपारी असं वीसेक वेळा. बॉल दुसऱ्याकडे असेल तेव्हा आराम, असंही समजू नका. क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्या राक्षसाच्या वाटेत तेव्हा तुम्ही आडवं व्हायचं. क्वार्टरबॅकला धक्का लागता कामा नये, तो महाग असतो.

आता पगाराचं बोलू. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या सामूहिक करारापासून नवख्यांचे पगार बांधून दिलेले आहेत. ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, पहिल्या फेरीत निवडलं गेलात तर चार वर्षांचा करार, पाचवं वर्ष द्यायचं की नाही ते क्लब ठरवणार. ते संपून तुम्ही मोकळे होणार, तेवढ्यात क्लब ‘फ्रँचायझी टॅग’ लावतो. म्हणजे आणखी एक वर्ष इथेच, ठरलेल्या रकमेत. तोवर तुम्ही सत्तावीस-अठ्ठावीसचे झालेले असता आणि टेबलापलीकडचा माणूस हळहळून म्हणतो, “फार धावलाय हो तुम्ही.” आम्हीच धावायला लावलं, हे तो म्हणत नाही. रसवंतीवाला चिपाडाची क्षमा मागतो का?

टॅगची रक्कम तर बघण्यासारखी आहे. २०१५ मध्ये रनिंग बॅकचा टॅग होता १ कोटी ९ लाख डॉलर. २०२३ मध्ये तो झाला १ कोटी ९१ हजार. दरम्यान प्रत्येक क्लबच्या पगारखर्चाची मर्यादा १४ कोटी ३२ लाखांवरून २२ कोटी ४८ लाखांवर गेली. २०२३ मध्येच क्वार्टरबॅकचा टॅग ३ कोटी २४ लाखांचा होता. कोटीत कमावणाऱ्यांसाठी गळा कसला काढायचा, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, पण ही रक्कम मोजक्यांची. खेळाडूंची संघटना रनिंग बॅकची सरासरी कारकीर्द अडीच वर्षांच्या आसपास सांगत आली आहे आणि पेन्शनला पात्र व्हायला तीन हंगाम लागतात. हा निव्वळ योगायोग आहे, असं मानून चाला. झोप लागते.

म्हणून माझा पहिला सल्ला: चांगलं धावू नका. रनिंग बॅक निक चबने २०२३ मध्ये हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं, की जास्त कामगिरी केल्याचा फटका बसणारी जागा आमचीच. त्याच्याच जातीच्या टॉड गर्लीने हे आधीच ओळखायला हवं होतं. २०१७ चा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू, २०१८ मध्ये ५ कोटी ७५ लाखांची मुदतवाढ, आणि मार्च २०२० मध्ये त्याच्या क्लबने, रॅम्सनी, सोडून दिलं. वय पंचवीस, गुडघा मात्र पेन्शनरचा.

मालकांचा हिशेब चुकीचा आहे असंही छातीठोकपणे म्हणवत नाही, हीच पंचाईत आहे. रनिंग बॅक आयझाया पचेको २०२२ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत, २५१ वा निवडला गेला. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, तो कॅन्सस सिटीसाठी ७६ यार्ड धावला आणि टचडाउनही केला. एवढ्या स्वस्तात ऊस मिळत असेल तर जुना चघळत कोण बसेल?

संपाचा विचार मनात आला तर लेव्हियन बेल आठवा. टॅग नाकारून २०१८ चा संपूर्ण हंगाम तो घरी बसला, टॅगच्या १ कोटी ४५ लाखांवर पाणी सोडलं. पुढे जेट्स या क्लबने ५ कोटी २५ लाखांचा करार दिला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये नारळही दिला. एकजुटीचा मार्ग आहेच. जुलै २०२३ मध्ये ऑस्टिन एकलरने बड्या रनिंग बॅकची झूमवर बैठक भरवली. सोसायटीच्या वार्षिक सभेतून जेवढं निष्पन्न होतं तेवढं तिच्यातूनही झालं.

सॅक्वॉन बार्कलीचं नाव घेऊन मात्र माझ्याशी वाद घालू नका. तो अपवाद आहे आणि अपवाद दाखवूनच पोरं भरती केली जातात. २०१८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. २०२० मध्ये दुसऱ्याच सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट फाटला. २०२३ मध्ये टॅग लावला आणि वर थोडा बोनस चिकटवून एक वर्ष राबवून घेतलं. मार्च २०२४ मध्ये तो फिलाडेल्फियाला गेला, तीन वर्षांचे पावणेचार कोटी ठरवून. हा तिकडे गेला तर मला झोप लागणं कठीण आहे, असं जायंट्सचे मालक जॉन मारा जनरल मॅनेजरला बोलून बसले होते, तेही कॅमेरा चालू असताना. त्या हंगामात तो २,००५ यार्ड धावला. जॅक्सनव्हिलविरुद्ध एका बचावपटूकडे पाठ करून, न बघता, त्याच्या डोक्यावरून उलटी उडी मारून गेला. एरिक डिकरसनचा १९८४ चा २,१०५ यार्डांचा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते आणि शेवटचा सामना होता साक्षात जायंट्सशी. प्रशिक्षकांनी त्याला बाकावर बसवलं. प्लेऑफसाठी, म्हणजे पुढच्या बाद फेरीसाठी, गुडघे जपायचे होते ना! ९ फेब्रुवारी २०२५ ला, अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, त्याने सुपर बोल जिंकला. मारांच्या झोपेबद्दल पुढे काही कळलं नाही.

इतकं वाचूनही फुटबॉलच खेळायचा असेल तर किकर, म्हणजे बॉलला फक्त लाथ मारणारा, व्हा. अॅडम व्हिनॅटिएरी वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत लाथ मारून पगार घेत होता. पण पोरं ऐकत नाहीत. बॉल उराशी धरून पळायचं वेड काही वेगळंच असतं, हे मीही कबूल करतो.

तर मग जाताना कसं जायचं ते तरी डेट्रॉइटच्या रनिंग बॅक बॅरी सँडर्सकडून शिका. १९९९ चा जुलै, वय ३१, वॉल्टर पेटनच्या कारकिर्दीत सर्वाधिक धावण्याच्या विक्रमापासून फक्त १,४५७ यार्ड दूर, म्हणजे एका बऱ्या हंगामाचं काम. पायही शाबूत. सराव शिबिराच्या तोंडावर त्याने गावच्या, विचिटाच्या, वर्तमानपत्राला निवृत्तीचा फॅक्स पाठवला आणि प्रकरण मिटवलं. डेट्रॉइट लायन्सनी आधी दिलेल्या बोनसचा काही भाग परत मागितला, ती गोष्ट वेगळी. फॅक्स मशीन हल्ली मिळणं अवघड आहे. करारावर सही कराल त्याच दिवशी एखादं जुनं बघून ठेवा, आणि कागदाचा रोल भरलेला आहे ना, तेही तपासा.