एक काडी कमी

मला सदुसष्ट आणि अठ्ठावन्न यांची तोंडी बेरीज येत नाही, ही गोष्ट आता ठाण्यात गोखले रोडवरच्या एका स्टेशनरीवाल्याला, त्याच्या पोऱ्याला, झेरॉक्ससाठी थांबलेल्या दोन कॉलेजच्या मुलींना आणि एका निवृत्त कॅशिअरला ठाऊक आहे. सहावी साक्षीदार माझी मुलगी. वय सात, इयत्ता दुसरी. ती हे वर्षानुवर्षं सांगत राहणार.

सुरुवात लाल शाईनं झाली. मंगळवारी वहीत शेरा आला, 'पालकांनी घरी हातचा शिकवू नये.' मी सत्तेचाळीस अधिक अडतीस चांगलं उभं मांडून दिलं होतं, सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. आमच्या पिढीचं अख्खं गणित या हातच्यावर उभं आहे. पण बाईंची पद्धत वेगळी. चाळीस आणि तीस सत्तर, सात आणि आठ पंधरा, सत्तर आणि पंधरा पंच्याऐंशी. आधी दशक, मग एकक, सगळं मनात. हातचा नंतर, म्हणजे मुलांना दहाचा गठ्ठा कळला की. खरं सांगतो, पद्धत बरोबर आहे. राग त्याचाच येतो. चुकीची असती तर पालकसभेत बोललो असतो.

बुधवारी रात्री नऊला ग्रुपवर मेसेज, 'उद्या 100 आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड आणावेत.' उद्या! शाळेला हे सकाळी सुचत नाही. बहुतेक मास्तरीणबाई जेवून, भांडी आवरून, पाय पसरून बसल्या की त्यांना काड्या आठवतात. आणि आपण ऑफिसच्या पँटमध्येच, मुलीचं बोट धरून, शटर अर्ध्यावर आलेल्या दुकानात वाकून शिरायचं.

पन्नास काड्यांचं पाकीट पस्तीस रुपयांना. दोन घेतली. मुलीनं एक तिथंच फोडून काउंटरवर मोजायला घेतलं.

"चाळीस नऊ," ती म्हणाली.

"मशीनचं पॅकिंग असतं साहेब," दुकानदार म्हणाला. "एखादी काडी मागेपुढे व्हायचीच."

"मागेपुढे?" माझ्या मागून आवाज आला.

हे आजोबा हयातीच्या दाखल्याच्या कागदांची झेरॉक्स काढायला आले होते. माणूस जिवंत असल्याचं दरवर्षी नोव्हेंबरात सिद्ध करतो, त्याला बाकीच्या अकरा महिन्यांचीही ताकद असते, हे मला तिथं कळलं. "चौतीस वर्षं कॅशमध्ये काढली मी. एक नोट मागेपुढे झाली असती ना, तर खिशातनं भरावी लागली असती. सरका."

मी सरकलो. आजोबांनी बाह्या सरसावल्या, अंगठा जिभेला लावला आणि काड्या नोटांसारख्या मोजायला लागले. काडी वाकत नाही, सरकत नाही, उलटून पडते. आजोबांचा वेग मात्र नोटेचाच. दर पाचव्या काडीला अंगठा तोंडात. माझ्या मुलीच्या गृहपाठाला आजोबांची थुंकी लागतेय हे मला दिसत होतं, पण बोलायची हिंमत होईना, कारण मोजणाऱ्याचा अंक चुकेल म्हणून कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. झेरॉक्सचं मशीनसुद्धा पोऱ्यानं थांबवलं.

"एकोणपन्नास!" आजोबांनी जाहीर केलं. "आणि बाळ, चाळीस नऊ काय? एकोणपन्नास म्हण."

"त्यात पन्नास कुठे आहेत?" मुलीनं विचारलं.

आजोबा घटकाभर थांबले. मग एकदम माझ्याकडे वळले, जणू मीच तिला पढवून आणलं होतं. "हे ते दोन हजार एकोणीसचं खूळ! वीस एक, वीस दोन!"

आठवत असेल तुम्हाला. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं आणि महाराष्ट्र पेटला. विधानसभेत तर मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वरूनही कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावत राहिल्या, की आपण सत्तावीस म्हणताना आधी सात बोलतो आणि लिहिताना आधी दोन, त्यात लहान मुलं गोंधळतात. कानडी आणि तेलुगूत वीस आधी, सात नंतर. ऐकतंय कोण? तेव्हा मला मूल नव्हतं आणि मीही व्हॉट्सॲपवर दोन विनोद पुढे ढकलले होते. आता रोज रात्री माझी मुलगी त्रेसष्ट ऐकून छत्तीस लिहिते आणि मी ते विनोद गिळतो. एकोणपन्नास म्हणायचं, एकोणसाठ म्हणायचं, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही, हे मला आजोबांना विचारायचं होतं. पण तोवर त्यांनी दुसरं पाकीट फोडलं होतं. पैसे अजून माझे गेले नव्हते, पाकीट मात्र माझंच.

"एक्कावन्न!"

दुकानदाराचा चेहरा खुलला. "बघा साहेब, शंभर झाल्या."

"शॉर्ट आणि एक्सेस जुळलं," आजोबा म्हणाले, आणि मी ज्या एका काडीसाठी भांडणार होतो ते प्रकरण तिथंच बंद झालं. मग त्यांनी बँकेत शंभर नोटांचं पॅकेट आणि दहा पॅकेटांचं बंडल कसं असतं ते सांगितलं. पूर्वी पॅकेटला पिना मारायचे, 2001 साली रिझर्व्ह बँकेनं ते बंद करवलं आणि कागदी पट्टी आली, त्याबद्दलची स्वतःची नाराजीही सांगितली. एक काडी हातात धरून ते हे सगळं हवेत लिहीत होते. लिहिता लिहिता काडी माझ्या छातीवर टेकली.

"तुम्ही सांगा. सदुसष्ट आणि अठ्ठावन्न. चटकन!"

मी हवेत उभी मांडणी केली. सात आणि आठ पंधरा. पाच हवेत ठेवले, हातचा एक घेतला. घेतला, पण ठेवू कुठे? एका हातात रबरबँड, दुसऱ्यात मुलीचं बोट. सहा आणि पाच अकरापर्यंत पोचेस्तोवर तो एक कुठेतरी गळून पडला.

"एकशे पंधरा."

कॉलेजच्या मुलींपैकी एक खोकली. मुलगी छताकडे बघत पुटपुटली, "साठ आणि पन्नास एकशे दहा, सात आणि आठ पंधरा... एकशे पंचवीस." आणि मग माझी बाजू घ्यायला म्हणून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबाला दशक येत नाही. त्याला फक्त हातचा येतो."

दुकानदारानं दोन पस्तीस अधिक अठराचे रबरबँड कॅल्क्युलेटरवर केले, हे कुणालाच खटकलं नाही. त्याला कुणी विचारलं नाही, 'चटकन!' म्हणून. अठ्ठ्याऐंशी रुपये स्कॅन करून दिले आणि निघालो.

घरी गठ्ठे बांधायला बसलो. नऊ गठ्ठे झाले. दहाव्यात नऊच काड्या. उचकापाचक केली, पिशवी झटकली, मग आठवलं. आजोबा जाताना झेरॉक्सचे कागद काखेत मारून हात हलवत गेले होते, आणि त्या हातात काडी होती. चौतीस वर्षांच्या कॅशमधल्या माणसानं!

पावणेअकराला खाली उतरलो. नाक्यावरचा आइस्क्रीमवाला आवरत होता. घसा बसलेला असताना, थंडीत, फुटपाथवर उभं राहून मी वीस रुपयांची मँगो कँडी खाल्ली, काडी नळाखाली धुतली आणि वर आणली.

मुलीनं ती बाकीच्यांशी लावून पाहिली. थोडी आखूड. मग नाकाला लावली.

"हिला वास येतोय," ती म्हणाली. "मध्ये घाल. बाईंना कळणार नाही."